हॅलोवीनच्या रात्री दार कोण वाजवतं?

आयर्लंडच्या मीथ काउंटीत नुकत्याच राहायला आलेल्या एका मराठी आईचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सात वर्षांची आहे. शाळेतून चिठ्ठी आली आहे की सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी सोंग घेऊन या. सासूबाई फोनवर म्हणतात, हा सैतानाचा सण, त्यात पडू नका. शेजारीण म्हणते, हा आमचा हजारो वर्षांचा आयरिश सण. कुणी म्हणतं, ही इथली सर्वपित्री अमावस्या. खरं काय? मुलीला पाठवू का? आमच्या दारात मुलं आली तर काय द्यायचं, आणि घरी करण्यासारखं काही आहे का?

पाठवा. मनात किंतु न ठेवता पाठवा. अठरा वर्षं मी याच भागात, तारा टेकडीवर, म्हणजे जुन्या आयरिश राजांच्या गादीच्या जागी, आणि आसपासच्या जुन्या जागांवर लोकांना घेऊन फिरते. ऑक्टोबर लागला की हेच प्रश्न रोज कानावर येतात, आणि त्यांची ठोकळेबाज उत्तरंही येतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी नाव. 'हॅलो' म्हणजे जुन्या इंग्रजीत संत, आणि 'ईन' म्हणजे संध्याकाळ, स्कॉटिश तोंडात आखूड झालेली. १ नोव्हेंबरला चर्चमध्ये सर्व संतांचा सण असतो, त्याची ही आदली संध्याकाळ. म्हणजे तुमच्या मुलीच्या चिठ्ठीवरचं नाव पूर्णपणे ख्रिस्ती आहे, सैतानाचा त्यात मागमूस नाही. पण तुमच्या गावातल्या जुन्या माणसांना विचाराल तर आयरिशमध्ये या रात्रीला 'ईहा हाउना' म्हणतात, म्हणजे साउइनची रात्र. हे साउइन इंग्रजी अक्षरांत वाचलं की 'सॅमहेन' होतं आणि मग लोक ते एखाद्या दैत्याचं नाव समजतात. साउइन हे कुठल्याही देवाचं किंवा दैत्याचं नाव नाही, ते ऋतूचं नाव आहे. आजही आयरिश भाषेत नोव्हेंबर महिन्याला हेच नाव आहे. मृत्यूचा देव वगैरे प्रकार १८व्या शतकात चार्ल्स व्हॅलन्सी नावाच्या लष्करातल्या इंजिनिअरने पसरवला. त्याला आयरिश भाषेची नाळ थेट पूर्वेकडच्या प्राचीन भाषांशी जोडायची फार हौस होती. त्याचं म्हणणं जाणकारांनी केव्हाच बाजूला ठेवलं, पण ते अजून पुस्तकांतून आणि मोबाइलवरून फिरतंच आहे. सासूबाईंपर्यंत पोचलेली गोष्ट बहुधा त्याच वाटेने आली असावी.

मग साउइन म्हणजे काय? माझ्या मते हे समजायला गुरांपासून सुरुवात करावी, भुतांपासून नाही.

आयर्लंडात जुन्या काळी माणसाची श्रीमंती गाईंमध्ये मोजत. वर्षाचे दोन तुकडे: १ मेपासून उजेडाचा आणि १ नोव्हेंबरपासून अंधाराचा. मेमध्ये गुरं डोंगरावरच्या कुरणांत चढायची. बरोबर बहुतेक तरुण मुली असायच्या. त्या तिथेच झोपड्यांत राहायच्या, दूध काढायच्या, लोणी घुसळायच्या. या प्रकाराला इथे 'बुअली' म्हणतात, आणि अकिल बेटावर, डोनेगलमध्ये तो १९व्या शतकापर्यंत चालू होता. साउइनला गुरं आणि मुली खाली घरी यायच्या. कोणती जनावरं हिवाळाभर पोसायची आणि कोणती कापायची, हे तेव्हा ठरायचं. धनगर दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर घाटावर परततात, तो हिशेब ज्याला ठाऊक आहे त्याला हे लगेच समजेल. पुढे जमीनदारीच्या काळातही खंड भरायच्या दोन तारखा मे आणि नोव्हेंबरच्याच राहिल्या आणि सालगडी ठेवायचे बाजारही त्याच सुमाराला भरत. घरात सगळी माणसं आली आहेत, देणी द्यायची आहेत, चार-पाच महिन्यांचा अंधार पुढे आहे, अशी ही रात्र. ३१ ऑक्टोबरला इथे पाचच्या आत सूर्य मावळतो. तुमचा पहिलाच हिवाळा आहे. नोव्हेंबर अर्धा सरेपर्यंत तुम्हाला मी काय म्हणते ते कळेल.

आणि दिवस संध्याकाळी सुरू होतो, हेही ध्यानात ठेवा. आपला दिवस सूर्योदयाला लागतो. गॉल लोक, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या मुलखातले जुने रहिवासी, दिवसांऐवजी रात्री मोजतात, रात्र आधी आणि दिवस मागून, असं ज्युलियस सीझरने लिहून ठेवलं आहे. आयर्लंडातही तोच रिवाज दिसतो. म्हणून खरा सण १ तारखेच्या दुपारी नाही, ३१ च्या अंधारात.

आता भुतं. मध्ययुगीन आयरिश कथांमध्ये साउइनला 'सी', म्हणजे टेकड्यांच्या पोटातलं अलौकिक लोकांचं जग, उघडं पडतं. ताराची गोष्ट मी दर आठवड्याला सांगते, तरी अजून सांगावीशी वाटते. दर साउइनला ऐलेन नावाचा एक वादक टेकडीतून यायचा, असं वाजवायचा की राजवाड्यातला प्रत्येक जण झोपी जायचा, आणि मग तोंडातून आग काढून तो तारा जाळून टाकायचा. आयरिश कथांचा मोठा नायक फिन, तेव्हा पोरसवदा, पहाऱ्याला बसला. त्याने मंतरलेल्या भाल्याचं टोक स्वतःच्या कपाळाला टेकवून धरलं, झोप येऊ दिली नाही आणि ऐलेनला मारलं. या गोष्टीत मेलेले पूर्वज कुठेही नाहीत, हे लक्षात घ्या. येतो तो 'सी'तला. ही माणसाची भुतं नव्हेत, ते वेगळेच लोक आहेत. आणि ही गोष्ट लिहून ठेवली तीही ख्रिस्ती लेखकांनी, आयर्लंड ख्रिस्ती होऊन सात-आठशे वर्षं लोटल्यावर. त्याआधी इथे नेमकं काय चालायचं याचा लेखी पुरावा नाही.

हे मी मुद्दाम सांगते, कारण माझ्याच धंद्यातले काही जण ड्रुइडांचे, म्हणजे ख्रिस्तपूर्व काळातल्या पुरोहितांचे, होम, बळी, मुखवटे असं सगळं डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगतात. अथबॉयजवळच्या वॉर्ड टेकडीवर, म्हणजे जुन्या त्लाख्तगावर, साउइनची पहिली आग पेटायची आणि तिच्यावरून सगळ्या आयर्लंडच्या चुली पेटायच्या, असं तिथल्या मिरवणुकीत दरवर्षी सांगतात. मीही त्या मिरवणुकीत मशाल घेऊन चालते, मला ती रात्र मनापासून आवडते. पण ही हकिगत येते १७व्या शतकातल्या जेफ्री कीटिंगच्या इतिहासातून. टेकडीवर मोठी वर्तुळाकार तटबंदी आहे, उत्खननं झाली आहेत, ती जागा महत्त्वाची होती यात शंकाच नाही. चुलींची गोष्ट मात्र गोष्ट म्हणूनच सांगावी.

तरीही एक जागा अशी आहे जिथे मी स्वतः गप्प होते. तारावर 'ओलिसांचा ढिगारा' नावाची एक छोटी पाषाणयुगीन समाधी आहे, पाच हजार वर्षांपूर्वीची. आत जाणारी वाट चार मीटरची. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि पुन्हा फेब्रुवारीच्या सुरुवातीला उगवत्या सूर्याचा उजेड त्या वाटेने आत जातो. दाराशी लोखंडी जाळी आहे. तिच्याबाहेर थंडीत हात चोळत उभं राहायचं, आणि ढग नसतील तर डाव्या हाताच्या नक्षीदार दगडावरून उजेड सरकताना बघायचा. ज्यांनी ती बांधली त्यांची भाषा आयरिश नव्हती, साउइन हा शब्द त्यांच्या कानावरही पडला नसेल. पण वर्षाचा हा सांधा त्यांनी हेरला होता, एवढं नक्की.

चर्चचं म्हणाल तर एक प्रसिद्ध वाक्य तुम्ही ऐकाल: "पोपने साउइन दडपायला सर्व संतांचा सण १ नोव्हेंबरला आणला." ऐकायला चोख वाटतं, पण तारखा जुळत नाहीत. रोममध्ये ६०९ साली पॅन्थिऑन मंदिराचं चर्च झालं ते १३ मे रोजी, आणि हुतात्म्यांचा सण तेव्हापासून मेमध्ये होता. १ नोव्हेंबरची तारीख ८०० सालाच्या सुमाराला उत्तर इंग्लंडात आणि जर्मन मुलखात दिसू लागते, आणि ८३५ साली फ्रँक सम्राट लुई द पायस याने ती आपल्या साम्राज्यात लागू केली. त्याच सुमाराचं आयरिश संतांचं पंचांग उपलब्ध आहे, त्यात सर्व संतांचा दिवस २० एप्रिलला आहे! आयरिश सण दडपण्यासाठी आणलेली तारीख खुद्द आयर्लंडातच नव्हती. दोन सण एका तारखेवर आले, आणि मग एकमेकांत मुरले. पुढे फ्रान्समधल्या क्लूनी मठाचा प्रमुख ओडिलो याने आपल्या मठांत २ नोव्हेंबरला सर्व मृतांसाठी प्रार्थना सुरू केली, ती युरोपभर पसरली. मेलेली माणसं या सणात ठळकपणे आली ती इथून.

म्हणून सर्वपित्रीशी तुलना करायचीच तर ती २ नोव्हेंबरशी करा. वसईत आणि गोव्यात त्या दिवशी कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या असतात, ते तुमच्या पाहण्यात असेल. आयर्लंडात अख्खा नोव्हेंबर मृतांचा महिना आहे. चर्चमधून एक पाकीट मिळतं, आतल्या कागदावर आपल्या घरातल्या गेलेल्या माणसांची नावं लिहून द्यायची, ती पाकिटं महिनाभर वेदीपाशी राहतात. माझ्या शेजारच्या आजी दरवर्षी ही यादी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहितात. एक वर्ष त्यांचे डोळे फार अधू झाले होते, तेव्हा मी लिहून दिली. सत्तावीस नावं होती, आणि त्यात दोन बाळं होती ज्यांची नावं ठेवायच्या आधीच ती गेली. ती यादी लिहिल्यापासून मला हा सण सैतानाचा वाटणं शक्यच राहिलं नाही.

पूर्वी घराघरांत त्या रात्री झोपण्यापूर्वी चूल राखत, विस्तवाजवळ खुर्च्या ओढून ठेवत आणि दाराची कडी काढून ठेवत, घरची गेलेली माणसं येऊन शेकून जातील म्हणून. हे कुणा एका लेखकाच्या कल्पनेतलं नाही. १९३७ ते १९३९ मध्ये आयर्लंडच्या सुमारे पाच हजार शाळांतल्या मुलांनी आपापल्या घरच्या म्हाताऱ्यांना विचारून वह्या भरल्या. त्या वह्या आज इंटरनेटवर फुकट वाचता येतात. तुमच्या गावची वहीही त्यात असण्याची बरीच शक्यता आहे. मुलगी थोडी मोठी झाली की तिच्याबरोबर जरूर वाचा.

त्या वह्यांमध्ये खेळ तर किती आहेत. पाण्याने भरलेल्या घमेल्यात सफरचंदं सोडायची आणि हात न लावता दातांनी उचलायची. सफरचंद दोरीला टांगून तोंडाने पकडायचं. यावरून या रात्रीचं एक नावच 'स्नॅप ॲपल नाइट' होतं. दोन नटांना, म्हणजे अक्रोडासारख्या कवचाच्या सुक्या फळांना, प्रेमिकांची नावं देऊन विस्तवाच्या कडेला ठेवायचं. शेजारी शेजारी शांत जळले तर संसार सुखाचा, एक टणकन उडाला तर संपलं. डोळे बांधून तीन बश्यांपुढे बसवायचं: एकीत पाणी, एकीत अंगठी, एकीत माती. पाण्याला हात लागला तर परदेशगमन, अंगठीला लागला तर लग्न, मातीला लागला तर मरण. ज्या देशाची निम्मी पोरं अमेरिकेला जात होती, त्या देशातल्या खेळात परदेश आणि मरण शेजारी शेजारी मांडलेले असावेत, याचा विचार आला की मला दर वेळी गलबलून येतं.

हे सगळं शाकाहारी आहे, तुमच्या ध्यानात आलं का? ३१ ऑक्टोबर हा संतांच्या सणाचा आदला दिवस, म्हणून कॅथलिकांना त्या दिवशी मांस वर्ज्य. २०व्या शतकाच्या मध्यापर्यंत हे पाळत. त्यामुळेच त्या रात्रीचं जेवण म्हणजे कोलकॅनन: कुस्करलेला बटाटा, केल किंवा कोबी, मधोमध खळगा करून त्यात लोणी. शिवाय सफरचंदं, नट आणि बारमब्रॅक, म्हणजे बेदाणे-मनुका घातलेला गोड पाव. आमच्या घरी कोलकॅननला वरून लसणीची फोडणी पडते, आणि अजून कुणी तक्रार केलेली नाही.

आता दारावरची मुलं. सोंगं घेऊन घरोघर फिरायची चाल स्कॉटलंड आणि आयर्लंड दोन्हीकडे जुनी आहे. दक्षिणेत कॉर्ककडे पांढऱ्या घोडीचं सोंग घेऊन तरुण पोरं वाजतगाजत घरोघरी जात आणि दूध, लोणी, अंडी गोळा करत. इंग्लंडात मृतांच्या दिवशी 'सोल केक' मागत गरिबांची पोरं फिरत. केकच्या बदल्यात घरच्या मृतांसाठी प्रार्थना. तोंड काजळीने माखायचं किंवा झाकायचं, कारण रात्री फिरणाऱ्या 'सी'च्या लोकांनी ओळखू नये, असं लोक सांगतात. मला दुसरं कारण जास्त पटतं: ओळख झाकली की शेजाऱ्याची फाटकं उचलून नेता येतात, त्याच्या दारावर कोबी फेकता येतो आणि दुसऱ्या दिवशी नाव 'सी'च्या लोकांवर ढकलता येतं.

भोपळा मात्र अमेरिकेचा. इथे होता तो सलगम. जॅक नावाच्या एका कंजूष, बनेल माणसाने सैतानाला फसवलं, म्हणून मेल्यावर त्याला ना स्वर्गात जागा ना नरकात. नरकातला एक निखारा पोखरलेल्या सलगमात घालून तो अजून दलदलीत फिरतो, अशी कथा आहे. दलदलीवर रात्री दिसणारा हा फिरता उजेड म्हणजे मराठीत ज्याला आग्यावेताळ म्हणतात तोच. मेयो काउंटीत टर्लो पार्कला राष्ट्रीय संग्रहालयाचं ग्रामजीवनाचं दालन आहे, तिथे डोनेगलमधल्या एका जुन्या सलगमाच्या कंदिलाचा प्लास्टरचा ठसा आहे. मुठीएवढं, आक्रसलेलं तोंड, पोकळ डोळे, किडके दात. दुकानातले सगळे हसरे भोपळे त्याच्यापुढे लहान मुलांची खेळणी वाटतात. मी दरवर्षी एक सलगम कोरते. आतून तो लाकडासारखा असतो, साधा चमचा वाकतो. कडेला धार लावलेला जुना चमचा लागतो आणि दीड-दोन तास लागतात. मेणबत्ती पेटली की झाकण आतून भाजायला लागतं आणि मातकट, गोडसर असा शिजत्या सलगमाचा वास सुटतो. शंभर वर्षांपूर्वीच्या हॅलोवीनचा वास हाच असणार.

१८४५ नंतरच्या दुष्काळात लाखो आयरिश माणसं अमेरिकेला गेली, स्कॉटिश त्याआधीपासून जात होते. तिथे सलगमाऐवजी मोठा, मऊ, पोखरायला सोपा भोपळा सापडला. 'ट्रिक ऑर ट्रीट' हे शब्द कॅनडातल्या वर्तमानपत्रांत २०व्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत दिसू लागतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत साखरेचं रेशनिंग होतं, ते १९४७ ला उठलं आणि मग चॉकलेट-गोळ्यांचा आजचा प्रकार फोफावला. तिथून सिनेमांबरोबर तो परत इथे आला. तरी डब्लिनकडची जुनी माणसं सांगतात, आम्ही दारात 'ट्रिक ऑर ट्रीट' कधी म्हटलं नाही. आमची आरोळी होती, "हेल्प द हॅलोवीन पार्टी! एनी ॲपल्स ऑर नट्स?" मुलीला ही आरोळी शिकवा. एखाद्या म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या दारात तिने ती दिली तर त्याचा चेहरा कसा फुलतो ते बघा.

गोळ्यांमध्ये विष किंवा ब्लेड घालून अनोळखी लोक मुलांना देतात, ही भीतीही तुमच्यापर्यंत येईल. अमेरिकेत जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने १९५८ पासूनच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने घरोघर वाटलेल्या खाऊतून मूल दगावल्याची एकही खरी घटना त्यांना सापडली नाही. १९७४ साली टेक्सासमध्ये एक मुलगा खरंच विषाने गेला, पण विष देणारा त्याचा स्वतःचा बाप होता, विम्याच्या पैशांसाठी. खरा धोका रस्त्यावरच्या गाड्यांचा, मेणबत्तीजवळ गेलेल्या नायलॉनच्या झग्याचा आणि फटाक्यांचा. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात परवान्याशिवाय फटाके बेकायदा आहेत, तरी त्या रात्री वाजतात, त्यामुळे कुत्रं-मांजर असेल तर घरात ठेवा.

तुमच्या दाराचं असं: दारात दिवा लावलेला भोपळा असेल तर "या" असा अर्थ. भोपळा नसेल आणि दिवे बंद असतील तर मुलं सहसा पुढे जातात. अंधार पडला की लहानगी येतात, सात-साडेसातनंतर मोठी. बंद पाकिटातलाच खाऊ ठेवा. घरचे लाडू कितीही मायेने दिले तरी पालक ते मुलांना खाऊ देणार नाहीत. नटांची ॲलर्जी इथे पुष्कळ मुलांना आहे, म्हणून चिक्कीही नको. मँडरीन संत्री चालतात. सांगाडे टांगायचे की नाही हे सासूबाईंच्या मनावर सोडा. नुसती पणती लावलीत तरी काही बिघडत नाही, बऱ्याचदा दिवाळी याच दिवसांत असते.

आणि घरी करायला बारमब्रॅक. मूळ खमिराचा पाव, पण घरोघर चहाचाच करतात. आदल्या रात्री ३७५ ग्रॅम बेदाणे-मनुका ३०० मिलीलिटर गरम, कडक, बिनदुधाच्या चहात भिजत घाला. सकाळी त्यात २२५ ग्रॅम सेल्फ रेझिंग पीठ, १२५ ग्रॅम ब्राउन शुगर, एक अंडं आणि चमचाभर मिक्स्ड स्पाइस. तो नसेल तर दालचिनी आणि जायफळ. १७० अंशांवर साधारण तासभर. पूर्वी आत अंगठी, नाणं, चिंधी, काडी आणि वाटाणा घालत. अंगठी मिळाली तर वर्षभरात लग्न, नाणं म्हणजे पैसा, चिंधी म्हणजे गरिबी, काडी म्हणजे भांडणाचा संसार, वाटाणा म्हणजे यंदा लग्न नाही. बेकरीच्या ब्रॅकमध्ये आता फक्त अंगठी उरली आहे. तुम्हीही अंगठीच घाला, बेकिंग पेपरात घट्ट गुंडाळून, आणि कापण्याआधी सगळ्यांना सांगा की हळू चावा. जाड काप, वर भरपूर लोणी. पहिला काप शेजारणीकडे मुलीच्या हाती पाठवा. दार तिलाच वाजवू द्या.